स्टॅटिक, फनेलला चिकटलेले दाणे आणि प्रायमरची डबी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी रिलोडिंग करते, म्हणजे झाडून रिकाम्या झालेल्या केसमध्ये (काडतुसाची धातूची नळी) नवा प्रायमर (मार बसला की पेटणारी बारीक टोपी), पावडर आणि बुलेट घालून काडतूस पुन्हा तयार करते. रात्रीचं सगळं उरकून निवांत रिलोडिंग बेंचवर बसले होते, हीटर चालू, अंगात फ्लीसचं जॅकेट, आणि इलेक्ट्रॉनिक स्केल काही केल्या शून्यावर थांबेना. कधी ०.२ ग्रेन दाखवायचं, कधी उणे ०.१, पॅन उचलून परत ठेवलं की आणखी तिसराच आकडा. बॅटरी बदलली. चेक वेट ठेवून कॅलिब्रेशन केलं, दोनदा. खिडकी बंदच होती, पंखा नव्हता, मोबाईल बाजूला ठेवला. आणि मग लक्षात आलं की मी हात पुढे नेला की आकडा हलतोय, हात मागे घेतला की परत जागेवर येतोय. पॅनला हात लागतसुद्धा नव्हता हो, नुसती बाही जवळ गेली तरी.

दादाला फोन लावला, कारण हे सगळं मला त्यानेच शिकवलंय. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अंगात काय घातलंयस?"

"फ्लीसचं जॅकेट. का रे?"

"काढ ते. पण तिथे नको काढूस, खोलीच्या बाहेर जाऊन काढ. आणि आत्तापर्यंत भरलेल्या केसेस तशाच राहू दे, बुलेट बसवू नकोस."

जॅकेट बाहेर जाऊन काढलं, चटचट आवाज करत निघालं ते. परत येऊन फनेल उचलून दिव्यासमोर धरला, तर आतल्या बाजूला पावडरचे बारीक दाणे चिकटलेले, अक्षरशः मिशा फुटल्यासारखे, उलटा करून टिचकी मारली तरी पडेनात. प्लास्टिकचा फनेल, आणि त्यावर स्टॅटिक, म्हणजे घासून साठलेली वीज. मग काय झालं होतं ते सगळं उलगडलं. मी प्रत्येक चार्ज, म्हणजे एका केसपुरती पावडर, पॅनमध्ये मोजत होते, स्केल जरा शांत झालं की आकडा बघून फनेलमधून केसमध्ये ओतत होते, म्हणजे माझ्या हिशोबाने प्रत्येक केसमध्ये बरोबर पावडर होती, पण मोजल्यानंतर आणि केसमध्ये पडायच्या आधी काही दाणे फनेललाच राहत होते, आणि पुढच्या एखाद्या केसला धक्का लागला की मागचे साठलेले सगळे एकदम खाली. भरलेल्या चाळीस केसेस एकेक करून परत पॅनमध्ये ओतल्या, पुन्हा मोजल्या, प्रत्येक वेळी हात लांब ठेवून. चाळीसपैकी सहा चुकीच्या निघाल्या, कुठे ०.२ ग्रेन कमी, एकीत ०.३ जास्त.

०.२ ग्रेन ऐकायला काहीच वाटत नाही. ग्रेन हे वजनाचं माप, १ ग्रेन म्हणजे साधारण ६४.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ ग्रेन हे १३ मिलिग्रॅम झाले. पण पिस्तुलाच्या ज्या लोडमध्ये (एका काडतुसाच्या ठरलेल्या मापात) सगळी मिळून पावडरच चार ग्रेनच्या आसपास असते तिथे हा ५ टक्के फरक आहे, आणि लोड जर मॅक्झिममच्या जवळचा असेल तर ५ टक्के ही डोळेझाक करण्यासारखी गोष्ट नाही.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण रिलोडिंग आणि स्टॅटिक हा विषय निघाला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ठिणगीने पावडर पेटेल का? प्रश्न बरोबर आहे, विचारायलाच हवा, पण माझ्या मते सगळी भीती त्या एकाच जागी जाऊन बसते आणि ज्या दोन जागी खरं लक्ष द्यायला हवं त्या सुटतात. एक म्हणजे हे असं गुपचूप चुकणारं वजन. आणि दुसरी म्हणजे प्रायमर. त्यावर येते.

आधी स्टॅटिक होतं कसं ते थोडं. शाळेत प्रत्येकाने कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचललेत, तेच हे. दोन वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात, घासल्या तर आणखी जास्त. आता रिलोडिंग बेंचवर काय चाललेलं असतं बघा, प्लास्टिकच्या हॉपरमधून (पावडर भरून ठेवायची वरची टाकी) हजारो दाणे घसरत खाली येतायत, मेझरचा (मापाने पावडर पाडणारं यंत्र) ड्रम पुढेमागे फिरतोय, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये प्रायमर हलवून सरळ करतोय, आपण खुर्चीवर हलतोय, बाही बेंचला घासतेय. म्हणजे स्टॅटिक तयार करायचं यंत्र बनवायचं असतं तर ते साधारण असंच दिसलं असतं. (भाषेचा एक गोंधळ इथेच मिटवते, आपण पावडरच्या मापालाही चार्ज म्हणतो आणि विजेच्या भारालाही चार्ज म्हणतो, तर मी पावडरला चार्ज म्हणणार आणि विजेला भार किंवा नुसतं स्टॅटिक.)

हा भार किती चढतो याचे इलेक्ट्रॉनिक्सवाले लोक एक जुनं कोष्टक वापरतात, अमेरिकन संरक्षण खात्याच्या हँडबुकमधलं. कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रतेत, कार्पेटवरून चालत गेलं की अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात. तीच चाल ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत, तर १,५००. फोमची गादी असलेल्या खुर्चीसाठी १८,००० आणि १,५००. नुसतं बेंचवर बसून काम करताना ६,००० आणि १००. आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की माणसाला झटका जाणवतो तोच साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे, म्हणजे "मला तर काही जाणवलं नाही" याचा अर्थ अंगावर काही नव्हतं असा होत नाही.

आणि हे आकडे बघितले की खरा गुन्हेगार कोण ते दिसतं. कोरडी हवा. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि भार त्यावरून हळूहळू निघून जातो, कोरड्या हवेत तो थर नसतो. हिवाळ्यात आपण खोली गरम करतो तेव्हा नेमकं हेच होतं, ० अंशाची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरला तिच्यात ५ ग्रॅमपेक्षा कमी पाणी मावतं, तीच हवा घरात घेऊन २२ अंशाला तापवली की तिची कुवत १९ ग्रॅमच्या वर जाते पण पाणी तेवढंच राहतं, म्हणजे आर्द्रता सरळ २५ टक्क्यांवर. त्या रात्री माझ्या खोलीत नक्की किती होती कोण जाणे, मोजायला काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी पहिली वस्तू आणली ती हायग्रोमीटर. आता ४० ते ५५ च्या मधे काटा असेल तरच पावडर उघडते, कमी असेल तर ह्युमिडिफायर लावून तासभर थांबते, तरी चढला नाही तर त्या दिवशी केसेस साफ करायच्या, ट्रिम करायच्या, साइझ करायच्या, बाकी कामं पुष्कळ असतात. ६० च्या वर मात्र नेत नाही, डाय (केसला आकार देणारे पोलादी साचे) गंजतात. आणि पावडर उघडी ठेवायची नाही, ती हवेतली ओल घेते किंवा कोरड्या हवेत स्वतःची सोडते आणि सुकलेली पावडर जास्त वेगाने जळते, त्यामुळे डब्याचं झाकण घट्ट.

बरं, आता तो मोठा प्रश्न, पावडर पेटेल का. स्मोकलेस पावडरच्या (आजची नेहमीची, कमी धूर करणारी पावडर, वर म्हणतेय ती हीच) दाण्यांवर जो करडा-काळा चकचकीतपणा दिसतो तो ग्राफाइटचा लेप असतो, कारखान्यातच दिलेला, एक म्हणजे दाणे नीट घसरावेत म्हणून आणि दुसरं म्हणजे स्टॅटिक साठू नये म्हणून, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. अंगावरची ठिणगी क्षणभराची असते, तेवढ्यात अख्खा दाणा पेटेल इतका तापणं कठीण आहे. म्हणून बेंचवर स्मोकलेस पावडर स्टॅटिकने भडकली असं सहज होत नाही, हे मी भीती घालवायला सांगतेय, बेफिकीर व्हायला नाही, कारण दाणे चिरडून झालेली धूळ म्हणजे अखंड दाणा नव्हे, आणि पेटलीच तर ती आग आपण विझवू शकू अशी नसते, पावडरमध्ये जळायला लागणारा ऑक्सिजन तिचा तिच्यातच असतो.

ब्लॅक पावडर, म्हणजे जुन्या पद्धतीची काळी बंदुकीची दारू, हा वेगळा प्राणी आहे. ती ठिणगीला संवेदनशील म्हणूनच हाताळायची, तिच्यासाठी पितळ किंवा अॅल्युमिनियमचं वेगळं मेझर मिळतं, प्लास्टिकचा हॉपर असलेल्या नेहमीच्या मेझरमध्ये ती घालायची नाही म्हणजे नाही. मी स्वतः ती लोड करत नाही, म्हणून इथे एवढंच.

आता प्रायमर. माझा जीव खरा इथे अडकतो. प्रायमरच्या छोट्या कपात जे मिश्रण असतं त्यात बहुतेक वेळा लेड स्टिफ्नेट (शिशाचं एक स्फोटक) असतं, आणि सुकं लेड स्टिफ्नेट हे स्टॅटिकला अतिशय नाजूक असतं. हिशोब करून बघा, माणसाच्या शरीरात साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला आणि अंगावर १०,००० व्होल्ट असतील तर त्या ठिणगीत ५ मिलिज्यूल ऊर्जा असते. दाराच्या मुठीला हात लागून बसतो तो झटका, तेवढी. सुकं लेड स्टिफ्नेट याच्या कितीतरी कमी ऊर्जेत पेटू शकतं. म्हणूनच कारखान्यात ते मिश्रण ओलं असतानाच कपात भरतात. तयार प्रायमर त्या मानाने सुरक्षित, धातूचा कप, वर कागद किंवा लाखेचा थर, त्यामुळे एक प्रायमर हातात घेतला आणि उडाला असं होत नाही. पण प्रायमर एकमेकांवर घासले की त्यातून किंचित किंचित धूळ सुटते, ती ट्रेमध्ये, प्रायमर ट्यूबमध्ये, प्रेसच्या (डाय बसवून केसेस दाबायचं यंत्र) खाचेत साठत जाते, दिसतही नाही धड, आणि ती धूळ म्हणजे तेच मिश्रण, पण आता कप नाही, थर नाही, उघडं आणि सुकं. आणि तिच्या शेजारी ट्यूबमध्ये एकावर एक शंभर प्रायमर. एक उडाला तर त्याच्यापाठोपाठ सगळे.

म्हणून माझ्या बेंचवर प्रायमरचे नियम बाकी सगळ्यापेक्षा कडक आहेत. मूळच्या डबीतच राहतात, त्या डब्यांमध्ये प्रायमर एकमेकांपासून लांब का ठेवलेले असतात, एवढी जागा का वाया घालवतात असं पूर्वी वाटायचं, ते याचसाठी, एकाची आग दुसऱ्याला लागू नये म्हणून. काचेच्या बरणीत, डब्यात, पिशवीत एकत्र ओतायचे नाहीत. कुणाच्या बेंचवर प्रायमरने भरलेली बरणी दिसली तर मी बोलल्याशिवाय राहत नाही, राग आला तर येऊ दे. लागतील तेवढेच बाहेर. डबी उघडायच्या आधी खुर्चीवर नीट बसून घ्यायचं, कारण उठण्याबसण्यातही पुष्कळ भार चढतो, आणि बसल्यावर अर्थिंग केलेल्या प्रेसला पूर्ण तळहात लावायचा, मग डबी. म्हणजे ठिणगी पडायची असेल ती तिथे पडेल, प्रायमरपाशी नाही. दर बैठकीनंतर ट्रे आणि ट्यूब ओल्या फडक्याने पुसायची, सुक्या फडक्याने नाही, सुकं फडकं घासलं की आपणच धुळीशेजारी नवा भार तयार करतोय. पुसल्यावर पूर्ण वाळू द्यायचं कारण ओल प्रायमरला चालत नाही. हात धुवायचे, त्या धुळीत शिसं असतं. आणि डोळ्यांवर गॉगल, घरातल्या घरात काय म्हणून टाळायचा नाही.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लोक म्हणतात मी मनगटाला पट्टा बांधतो, बेंचला वायर जोडलीये, झालं. झालं नाही. वायर जोडून भार जातो तो धातूचा आणि आपल्या अंगाचा, कारण त्यातून वीज वाहते. प्लास्टिकमधून ती वाहत नाही, म्हणूनच तर तिथे भार अडकतो, त्यामुळे हॉपरला तुम्ही दहा वायरी गुंडाळल्या तरी वायरीपासून दोन बोटांवरचा भार जागचा हलणार नाही. प्लास्टिकचा इलाज वेगळाच करावा लागतो.

पट्टा वापरायचाच, तो चांगला आहे, पण अँटीस्टॅटिक कामासाठी बनवलेलाच घ्या, त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो कशाला? तर चुकून तुमचा दुसरा हात २३० व्होल्टच्या उघड्या वायरला लागला तर अंगातून जाणारा करंट पाव मिलिअँपियरपेक्षाही कमी राहावा म्हणून. उघडी तांब्याची तार मनगटाला गुंडाळून तिचं दुसरं टोक अर्थला लावणं हा जीवाशी खेळ आहे, कृपा करून करू नका. आणि भिंतीतल्या प्लगची अर्थ पिन खरंच अर्थला गेलीये का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत पिन असते पण मागे काही नसतं. माझी प्रेस, मेझरचा धातूचा स्टँड आणि अँटीस्टॅटिक मॅट हे तिन्ही एकाच जागी जोडून तिथून एकच वायर अर्थला नेलीये.

प्लास्टिकचं म्हणाल तर सगळ्यात सोपा उपाय, जिथे जमेल तिथे ते काढूनच टाका. अॅल्युमिनियमचा फनेल आणला आणि माझा निम्मा त्रास त्या दिवशी संपला. लोडिंग ब्लॉक लाकडाचा. पॅन धातूचं. हॉपर मात्र पारदर्शकच लागतो, आत किती पावडर राहिलीये ते दिसायला हवं, मग त्याला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायचं आणि न पुसता उभं करून वाळू द्यायचं, साबणाचा जो पातळसा थर राहतो तो हवेतली ओल धरतो आणि भार साठू देत नाही. पूर्ण, अगदी खडखडीत वाळल्याशिवाय पावडर घालायची नाही, मी रात्रभर ठेवते. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या शीटने पुसायची पद्धतही जुनी आहे, चालते, पण नवी शीट मेणचट थर सोडते आणि तो पावडरला लागलेला मला आवडत नाही, म्हणून करायचंच तर वापरून झालेली शीट घ्या. नव्या मेझरला आणखी एक गोष्ट करते, पावडर भरून नुसतंच चालवायचं, चार्ज पॅनमध्ये पाडायचे आणि परत हॉपरमध्ये ओतायचे, असं बराच वेळ केलं की दाण्यांवरचं ग्राफाइट हळूहळू ड्रमला आणि आतल्या भिंतींना लागतं, दाणे चिकटायचे कमी होतात आणि चार्जही एकसारखे पडायला लागतात. हे करताना बेंचवर पावडरचा एकच डबा, आणि संपल्यावर पावडर त्याच डब्यात परत. हॉपरमध्ये रात्रभर पावडर ठेवायची नाही, कुठली होती ते विसरायला होतं हे एक आणि काही पावडरी प्लास्टिकला खातातही, हॉपर आतून धुरकट झालेला दिसला की समजा तेच झालंय.

रायफलवाल्यांसाठी एक जास्तीचं. लांबट दाण्यांची पावडर आणि केसचं तोंड अरुंद असेल तर फनेलच्या नळीत दाणे आडवे होऊन पूल बांधतात, ते स्टॅटिक नसतानाही होतं, पण स्टॅटिक असलं की तो पूल लवकर बांधला जातो आणि टिकतोही. मग एक केस अर्धी आणि पुढची भरून वाहतेय. वाहणारी केस दिसते तरी, अर्धी राहिलेली दिसत नाही. पिस्तुलात चार्ज फारच कमी पडला तर बुलेट बॅरलमध्ये अडकते, आणि ते लक्षात न येता मागून दुसरी गोळी झाडली तर बॅरल फुटू शकतं. त्यामुळे बुलेट बसवायच्या आधी सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने एकेकीत डोकावायचं, पावडरची उंची सगळीकडे सारखी दिसायला हवी. अर्धा मिनिट लागतो. आणि फनेल दर दहा केसेसनंतर उजेडात धरून बघायचा.

स्केलचं थोडक्यात, ते मॅटवर ठेवा, सुरू करून नीट तापू द्या, बाही लांब ठेवा, आणि आकडा भटकायला लागला की कॅलिब्रेशनचं बटण दाबायच्या आधी हवेची आर्द्रता बघा. मी त्या रात्री दोनदा कॅलिब्रेट केलं ते भार असलेल्या अवस्थेतच केलं होतं, म्हणजे चूक आणखी पक्की करत होते. बीम स्केल (दांडीचा, बिनविजेचा तराजू) असेल तर यातून सुटका आहे असं समजू नका, प्लास्टिकच्या बॉडीवर भार चढला की तेही ओढलं जातं.

कपडे सुती. लोकर, फ्लीस, पॉलिस्टर, नायलॉन यातलं काहीच बेंचवर नको आणि काढायचं असेल तर खोलीबाहेर, दादाने सांगितलं तसं. खाली कार्पेट नको, आणि त्याचं स्टॅटिकपेक्षाही मोठं कारण म्हणजे सांडलेला प्रायमर कार्पेटमध्ये हरवतो आणि मग कधीतरी कुणीतरी व्हॅक्यूम फिरवतं. व्हॅक्यूम क्लिनर रिलोडिंगच्या खोलीत आणूच नका. प्लास्टिकच्या नळीतून दाणे वेगाने घासत जातात तिथे भार तयार होतो, पुढे मोटरमध्ये ब्रशच्या ठिणग्या, आणि मधे पिशवीत पावडर नि प्रायमर एकत्र, शिवाय शिशाची धूळ मागून खोलीभर उडते ती वेगळीच. नैसर्गिक केसांचा ब्रश, धातूची सुपली, शेवटी ओलं फडकं.

त्या सहा केसेसच्या आधी दोन संध्याकाळी मी अशाच कोरड्या हवेत, त्याच फनेलने, आणखी एक लॉट भरून बुलेटही बसवून ठेवला होता. तो पूर्ण उकलला. शंभर राउंड, बुलेट पुलरने एकेक करून ठोकत, दोन संध्याकाळी गेल्या, हात दुखायला लागले, आणि त्यातल्या किती चुकीच्या निघतात हे मोजायचा धीर मला झाला नाही, पावडर सगळी बाजूला काढून टाकली. दादा म्हणाला चांगलं केलंस. मग जरा थांबून म्हणाला, "अगं, माझ्या बेंचखाली अजून कार्पेटच आहे." मला हे सगळं शिकवणारा माणूस तो, इतकी वर्षं बसतोय तिथे. या रविवारी जातेय त्याच्याकडे. दोघं मिळून आधी हाताने चाचपून एकेक सांडलेला प्रायमर शोधणार, मग कार्पेट पाणी शिंपडून ओलं करणार, आणि मगच उचलणार.